आवडीच्या घरची रोवळी

मी रोवळी बोलतेय. बांबूची, तांदूळ धुवायची. पाणी निथळून जातं आणि दाणा जात नाही, एवढीच माझी विद्या. पण ती प्लास्टिकच्या चाळणीला अजून नीट जमलेली नाही, हे मी तोऱ्यातच सांगते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आवडीने मला विणलं. तीस वर्षं ती रोवळ्या करतेय, पण तिच्या स्वतःच्या घरात एकही टिकली नाही. खिळ्याला टांगली की दारात कुणीतरी उभं. आलेलं गिऱ्हाईक माघारी धाडायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. म्हणून आवडी स्वतः तांदूळ धुवायची निळ्या प्लास्टिकच्या चाळणीत.

यंदा पावसाच्या तोंडावर बांबू संपत आला, तेव्हा तिने ठरवलं, ही शेवटची रोवळी घरची. माझ्या काठाला तिने वेढेही जरा जास्तच घट्ट दिले. मी सुखावले.

चारच दिवसांनी महाडहून माहरुख आली. तिने बाजारातून ‘अस्सल कोकणी’ म्हणून एक चकचकीत रोवळी घेतली होती. पहिल्याच धुण्यात पाणी पिवळं झालं, आणि तळाचा कागद सुटला तर त्यावर भलत्याच मुलखाचं नाव. तिची सासू शरिफा पहिला घास घेऊन म्हणाली, “भाताला नव्या दरवाजाचा वास येतो गो.” तेव्हापासून माहरुख दुकानोदुकानी टांगलेली प्रत्येक रोवळी दाखवून विचारत होती, ही बनवली कुणी? दुकानदारांना भाव तोंडपाठ होता, बनवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी पोलादपूरच्या स्टँडवर एका म्हातारीने आवडीची वाडी सांगितली.

बाई पायवाट चढताना दिसली, तशी आवडीने मला खिळ्यावरून काढून कोपऱ्यातल्या घडी केलेल्या लुगड्याखाली दडवलं.

“रोवळी नाय हाय, भाभी. दिवाळीनंतर बांबू तोडू, तवा या.”

पावसात कोवळा बांबू तोडत नाहीत, त्याला कीड लागते, हे खरं होतं. मी लुगड्याखाली होते, हेही खरं होतं.

माहरुखचं तोंड एवढंसं झालं. तिने प्यायला पाणी मागितलं. तांब्या भरता भरता आवडीला राहवेना. पाण्याबरोबर तिने मलाही आणून दिलं. माहरुखने मला उन्हाकडे धरून पाहिलं आणि मग तिची नजर चुलीजवळच्या निळ्या चाळणीवर गेली.

“मावशी, तुमच्याकडे प्लास्टिकची?”

“घरात रोवळी ऱ्हाते कुठं? ही ठेवली व्हती,” आवडी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

माहरुख मला घेईना, आवडी परत घेईना. शेवटी दिवाळीनंतरची पहिली रोवळी आवडीची, या बोलीवर मी महाडला गेले. शरिफाबीने भात दोनदा मागून घेतला.

दिवाळीनंतर माहरुख आली. खिळा रिकामाच! पहिली रोवळी कुणीतरी नेली होती, दुसरीही. आवडी ओशाळून हसली. माहरुखला हे होणार असा अंदाज होताच. तिने पिशवीतून मला काढलं, स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगलं आणि ओटीवर बसली. “माझी विणा. शेवटच्या गाडीपर्यंत थांबते मी.”

त्या दिवशी तिने हाताने केलेल्या वस्तूला किती वेळ लागतो ते पाहिलं. जाताना नवी रोवळी तिने पिशवीत न घालता छातीशी धरून नेली.

बाबांनो, वस्तू इथलीच आहे का, हे जरूर विचारा. पण ती करणारीचं नाव विचारा, आणि जमलं तर तिच्या घरात ती आहे का, हेही.

अजूनही पायवाटेवर कुणी दिसलं की माझ्या काळजात धस्स होतं. आवडी एकदा माझ्याकडे बघते, एकदा दाराकडे.

“ती घरची हाय,” ती म्हणते. “बसा, तुमची विणते.”