कोकिळाबाईचं काम

कोकिळाबाईचा ताप काही केल्या पिच्छा सोडत नव्हता. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा संध्याकाळी अंग तापायचं, घामानं अंथरूण भिजायचं. सांधे तर धरलेलेच. सोनपेठच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला. आता परभणीच्या दवाखान्यात बसल्या बसल्या तिचे यजमान आप्पाराव मनात म्हणत होते, हिला काही झालं तर?

डॉक्टर राजेश्रीबाईंनी तपासता तपासता विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काम कशाचं? घरीच असती ती," आप्पारावच बोलले.

"काका, नाडी मावशींची धरलीय. तुमची नंतर बघते."

कोकिळाबाई पदराआड हसली. मग हळूच म्हणाली, "चार म्हशी हायत. शेण, धारा समदं मीच करते. म्हस अडली की रेडकू वढायचं, मागनं पडणारी वार काढायची. ह्यांला तर लांबूनच वकारी येती!"

"एखादी गाभडली होती का? म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ पडला होता?"

"दिवाळीच्या आगुदर दोन. ते बी म्याच काढलं."

"उघड्या हातांनी?"

"मग! बांगड्या काढून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "गाभडलेल्या जनावराच्या वारेतून ब्रुसेलोसिस नावाचा रोग माणसाला लागू शकतो. हाताला बारीक चीर असली तरी पुरे. रक्त तपासू या. आधी हे कुणी विचारलं नाही?"

"इचारलं की. पण हे मला बोलू देतेत कुठं?"

आप्पारावांना आता कुठं उमगलं. डेअरीवर दूध घालून 'माझ्या म्हशी' म्हणून मिरवणारे ते. आणि म्हशींत राबणारी मात्र घरीच बसलेली!

रक्ताच्या तपासणीत रोग तोच निघाला. कित्येक आठवडे औषध चाललं, तेव्हा कुठं ताप हटला. आप्पारावांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून म्हशीही तपासून घेतल्या.

पुढं एक म्हैस व्यायला आली, तेव्हा कोपरापर्यंत हातमोजे चढवून आप्पाराव स्वतः गोठ्यात शिरले. कोकिळाबाई दारातूनच ओरडली, "आवं, डोळे उघडा! रेडकू तिकडं न्हाई, हिकडं हाय!"

ओकारी गिळत त्यांनी रेडकू ओढलं. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली.

वाचकहो, माणूस जे काम करतो त्या कामाचा आजार त्याला गाठू शकतो, मग त्या कामाचा पगार मिळो वा न मिळो. म्हणून राबणाऱ्या हातांना आधी जपा. आणि डॉक्टरांपुढं घरच्या बाईला तिचं काम तिच्या तोंडानं सांगू द्या. त्यावर तिचा जीव अवलंबून असतो!