ऐंशी कोटी अक्षरं आणि अकरा मिनिटं

पॉलीहाऊसमध्ये दीडशे माणसं चमत्कार बघायला आली होती, आणि सगळीच्या सगळी डोळे मिटून उभी होती. बाबांचा तसा आदेशच होता. अकरा मिनिटांत एकाची जरी पापणी हलली, तरी लहरी फुटतात म्हणे. मधल्या टेबलावर स्ट्रॉबेरीची एक कुंडी, कुंडीवर रुपेरी कापड आणि शेजारी ट्रंकेएवढी पेटी. पेटीवर दिवे लुकलुकत होते आणि आतला पंखा असा घरघरत होता की शेजारचा माणूस शिंकला तरी ऐकू येऊ नये. तिला 'अनुनादयंत्र' म्हणायचं.

"उघडा नेत्र," बाबांनी सांगितलं आणि कापड ओढलं.

मघाशी त्या कुंडीत लालभडक फळं होती, लोकांनी वाकवाकून पाहिली होती. आता तिथे पांढरीशुभ्र फळं लोंबत होती. कुंडीवर चिठ्ठी मात्र तीच, पॉलीहाऊसच्या मालकाच्याच अक्षरातली: रांग चार, रोप सात. दीडशे माणसांनी तोंडात बोटं घातली.

या माणसाला सगळे कंपनबाबा म्हणत. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, गळ्यात साखळीत अडकवलेला, सूर जुळवायचा कंपनकाटा. तोंड उघडलं की अर्धं वाक्य शास्त्राचं आणि अर्धं थापेचं, आणि सांधा इतका बेमालूम की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी.

"स्ट्रॉबेरीच्या पेशीत वंशाचे आठ संच असतात," बाबा सांगत होते. "हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं. त्यातले सात तुमच्या पूर्वजांच्या क्रोधाने काळवंडलेत. म्हणून पानं वळतात, म्हणून फळ मरतं. आम्ही आठही संच धुऊन काढले. वंश पालटला."

"अगदी शास्त्रीय आहे," पहिल्या रांगेतले निवृत्त प्राध्यापक म्हणाले. त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांचं दुर्दैव.

दाराशी मालकाची धाकटी बहीण उभी होती. ती शहरातल्या प्रयोगशाळेत होती आणि दोन वर्षं याच पिकाचा जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, वाचत होती. आठ संच असतात हे खरंच होतं. बाबांनी ते तिच्याच प्रयोगशाळेच्या तक्त्यावरून उचललेलं होतं, कारण तो तक्ता दादाने कौतुकाने घरात लावला होता. पण तिला जास्त राग आला होता तो स्वतःचा. दादाने डोळे वटारले म्हणून तिनेही अकरा मिनिटं डोळे मिटले होते.

"आता नियम ऐका," बाबा दादाकडे वळले. "नवा वंश जुन्याच्या शेजारी नांदत नाही. येत्या रविवारी सकाळी जुनी मातृरोपं सगळी उपटायची आणि जाळायची. शुद्ध रोपं आमच्या केंद्रातून येतील."

दादाने हात जोडले.

ती चारशे मातृरोपं अण्णांची, म्हणजे बहीणभावांच्या वडिलांची होती. त्यांनी बावीस वर्षं निवड करत करत तो लाल वाण काढला होता, आणि जगात दुसरीकडे तो कुठेही नव्हता. स्ट्रॉबेरीचा वाण बियांतून टिकत नाही. रोपाला आडवे तंतू फुटतात, त्यांना मुळं धरतात आणि प्रत्येक पोर हुबेहूब आईसारखं निघतं. आई उपटली की वंश संपला. प्रयोगशाळेत त्या वाणाची ऐंशी कोटी अक्षरं वाचून ठेवलेली होती, पण नुसत्या अक्षरांतून रोप उगवत नाही.

"दादा, वेडबिड लागलंय का तुला?" गर्दी पांगल्यावर ती म्हणाली. "पानं विषाणूने वळतायत. रोगट रोपं बाजूला काढू, बाकीची वाचतील. मी तुला सहा महिने सांगतेय."

"तू सांगतेसच," दादा म्हणाला. "निवड कशी करायची ते अण्णांनी तुला शिकवलं. मला काय, पाणी घाल आणि चिठ्ठ्या चिकटव. या माणसाने निदान माझ्या हातात काही तरी दिलं."

ते खरंच होतं. वहिनीने मध्ये पडून चहा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही ते तुमचं यंत्र लावून बघा ना, ताई. हे माझं ऐकायचे नाहीत."

तिने पांढऱ्या फळांच्या रोपाचं एक कोवळं पान खुडलं. स्ट्रॉबेरीचं पान म्हणजे छळ असतो. वाटून घेतलं की शेंबडासारखा चिकट लगदा होतो आणि त्यातून डीएनए सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. गुरुवारी उत्तर आलं: लाखो जागी फरक. पांढरं रोप अण्णांच्या वाणाचं नव्हतंच. छापील कागद घेऊन ती तडक घरी आली. ओसरीवर दादा, बाबा आणि प्राध्यापक बसलेले होते.

"दोन्ही रोपं वेगळी आहेत," तिने कागद टेबलावर आपटला. "लबाडी आहे ही."

बाबांनी कागद शांतपणे पाहिला आणि असे हसले की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "वेगळी आहेतच. आम्ही दुसरं काय म्हणत होतो? वंश पालटला, हे आता तुमचं यंत्रही म्हणतंय."

प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने तो कागद चौकटीत लावायला मागून घेतला. तिने जन्मात एवढी फजिती सोसली नव्हती, आणि दोष तिचाच होता. रोप कुणासारखं नाही एवढंच तिने तपासलं होतं. ते कुणासारखं आहे, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

बाजारात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या वाणांचे जीनोम प्रयोगशाळेत साठवलेले होते. शुक्रवारी तिने पांढऱ्या रोपाची अक्षरं त्यांच्याशी लावून पाहिली. दुपारपर्यंत जोडीदार सापडला. दोन तासांच्या रस्त्यावरची एक रोपवाटिका पांढऱ्या फळांचा एक वाण विकत होती, आणि बाबांचं शुद्ध रोप त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. शनिवारी ती तिथे गेली.

"पांढरी ना?" मालकीणबाई म्हणाल्या. "फार खपते. एक कोटवाले डॉक्टर येतात, गाडी भरून नेतात. काळ्या पिशवीतलीच द्या म्हणतात, कुंडीतली नको."

तिने एक पिशवी विकत घेतली, आणि ती हातात येताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादाच्या पॉलीहाऊसमध्ये रोपं तशीच असायची. बदलायला सोपं पडावं म्हणून रोप काळ्या पिशवीत, पिशवी कुंडीत, आणि चिठ्ठी कुंडीला. रोपाला खूण अशी काही नव्हतीच.

रविवारी ती पोचली तेव्हा लोक जमले होते आणि पहिली रांग उपटून झाली होती. मुळं उघडी पडलेली नव्वद रोपं ढिगात होती आणि दादा दुसऱ्या रांगेत वाकला होता. तिने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"एक कुंडी मला दे. मलाही बाबांची विद्या आली. चुकलं तर बाकीची मी स्वतः उपटते."

लोकांना करमणूक हवीच होती. तिने कुंडी टेबलावर ठेवली, वर आपला प्रयोगशाळेचा कोट टाकला आणि बाबांच्याच सुरात म्हणाली, "नेत्र मिटा. पापणी हलली तर लहरी फुटतील." दीडशे माणसांनी मुकाट्याने डोळे मिटले. बाबांनी मिटले नाहीत.

कोट काढला तेव्हा पांढरी फळं होती. लोकांच्या तोंडून पुन्हा तोच 'आऽऽ' निघाला.

"आता डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. तिने कुंडीतली काळी पिशवी उचलून बाहेर काढली, मघाशी टेबलाखाली लपवलेली लाल फळांची पिशवी घेऊन आत बसवली. "सात सेकंद लागतात. उरलेली मिनिटं तुमच्यासाठी होती."

कुणी तरी फिस्सकन हसलं.

"ताईंमध्येही शक्ती आहे, त्यांना जाणीव नाही इतकंच," बाबा म्हणाले. पण आवाज जरा चिरका निघाला.

"शक्तीचं सांगते. फळ पांढरं करायला जीनोममध्ये एकाच जागी बिघाड पुरतो. तुम्ही लाखो जागा बदलल्या, आणि त्या बदलून निघालं काय? तर दोन तासांवर दुकानात मिळणारं रोप, ऐंशी कोटींत एका अक्षराचा फरक नाही. देवाने नवा वंश निर्माण केला तो नेमका रोपवाटिकेचा माल बघून?"

प्राध्यापकांचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. दादा त्या पेटीपाशी गेला.

"हात लावू नका, अनुनाद बिघडेल," बाबा ओरडले.

दादाने झाकण उघडलं. आत एक पंखा होता, दिव्यांची माळ होती आणि पुढच्या गावासाठी काळ्या पिशव्यांतली चार रोपं होती. पांढऱ्या फळांनी लगडलेली. बाबांनी काढता पाय घेतला, आणि त्यांच्या गाडीमागे "टोमॅटोवर चालतं का हो?" असं विचारत दोघं-तिघं धावलेही. त्यांना काय म्हणावं?

बहीणभावांनी दिवसभर खपून उपटलेली रोपं पुन्हा लावली. एकसष्ट जगली. एकोणतीस मेली.

"मेलेल्या रोपांना त्या माणसाने बोटही लावलं नव्हतं," दादा नंतर म्हणाला. "मी उपटली. माझ्या हाताने."

तेच तर आहे. फसवणारा नुसता सांगतो. औषध बंद करतो आपण, खड्डे खणतो आपण, बापाने जपलेलं रोप मुळासकट ओढतो तेही आपणच. तेव्हा हात उचलण्याआधी विचारा, उलटून बघा, दोघांतिघांकडून तपासून घ्या. खरं असेल ते प्रश्नाने मरत नाही.