मूठ वर उचलून ओढावी

आमच्या घरात आलेल्या पाहुण्याचा पहिला दिवस शिकण्यातच जातो. स्वयंपाकघरातला नळ बंद करायचा तर आधी पुरता आवळायचा आणि मग केसभर मागे घ्यायचा, नाहीतर रात्रंदिवस ठिबकतो. फ्रिज बंद केला की सायकलच्या ट्यूबचा पट्टा त्याच्या मुठीतून ओवून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचा. बाथरूमचा दिवा हवा असेल तर आधी स्वयंपाकघरातला पंखा लावायचा. का, ते विचारायचं नाही. बाहेरचं दार कडी वर उचलून खांद्याने रेटायचं, आणि बाथरूमचं दार आतून मूठ वर उचलून जोरात ओढायचं. कपाटाचा तिसरा खण उघडायचाच नाही, कारण तो उघडला की दुसरा पायावर पडतो.

हे सगळं आमच्या ह्यांचं कर्तृत्व. ह्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेवटची काही वर्षं सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा छत्रीची काडी नाहीतर घड्याळाची स्प्रिंग वापरून हे अक्षर उमटवून दाखवायचे. पुढे दुकान बंद झालं, पण डोकं कुठे बंद होतंय, ते घराकडे वळलं. ह्यांचं म्हणणं असं की वस्तू बिघडत नसते, तिची सवय बदलते, आणि आपण ती समजून घ्यायची असते. अडतीस वर्षांत माझी एखादी सवय समजून घेतली असती तर मीसुद्धा कौतुक केलं असतं.

आता मीही अगदी साधी नाही, हे कबूल करते. खण अडकला की त्याच्या कडेला मेणबत्ती घासते, किटलीत पांढरा थर बसला की लिंबाची सालं उकळते. पण माझ्या युक्त्या चारचौघांत सांगता येतात. ह्यांच्या सांगितल्या तर लोक आमची चौकशी करायला घरी येतील.

गेल्या महिन्यात मात्र माझीच युक्ती आम्हाला नडली. बैठकीतला बल्ब होल्डरमध्येच फुटला. अशा वेळी मेन स्विच बंद करून अर्धा बटाटा त्या काचेत खुपसायचा आणि फिरवायचा, म्हणजे हात कापत नाही. हे बटाटा घेऊन स्टुलावर चढले. बल्ब सुखरूप निघाला, पण पाठोपाठ स्टूलही निघालं, कारण त्याच्या आखूड पायाखाली ह्यांनी पुठ्ठ्याची घडी ठेवलेली होती आणि ती सरकली. घोट्याच्या हाडाला बारीक चीर गेली. प्लास्टर निघालं तरी काठी अजून हातात आहे.

आमची एकुलती एक लेक मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. जिना दिसला की ही आधी कठडा हलवून बघते. बापाचा एक्स-रे मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती घेऊन गेली आणि आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, मी शनिवारी येते. एक्स-रे परत आणते आणि घर तपासते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं तिथे एकटे राहू शकता असं मला दिसलं तर राहा. नाहीतर माझ्याकडे चला. यावर आता वाद नको."

घर तपासते, म्हणे. जिथे ही रांगली, जिथे भिंतीवर हिने पेन्सिलीने रेघोट्या मारून माझा मार खाल्ला, ते घर ही कागद घेऊन तपासणार. तिच्याकडे जायला मला भीती वाटत होती, ते सरळच सांगते. ती नवव्या मजल्यावर राहते. तिथलं सगळं बटणावर चालतं आणि खिडक्या उघडतच नाहीत. मागे पंधरा दिवस राहिलो तेव्हा हे दिवसभर हात मांडीवर ठेवून सोफ्यावर बसायचे. दुरुस्त करायला काही नव्हतं बिचाऱ्यांना. दहाव्या दिवशी ह्यांनी माझा चांगला चाललेला चष्मा दुरुस्त केला. तिथे कायमचं गेलो तर हा माणूस वर्षभरात वाळून जाईल, अशी माझी खात्री होती. आणि मी तरी कुणावर चिडायचं तिथे?

शनिवार जवळ आला तशी ह्यांनी आपल्या पद्धतीने तयारी केली. शुक्रवारी दिवसभर बसून चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरभर चिकटवल्या. नळापाशी 'आवळून केसभर मागे घ्यावा', फ्रिजवर 'पट्टा विसरू नये'. बाथरूमच्या दारावर आतल्या बाजूने 'मूठ वर उचलून जोरात ओढावी'.

"लेखी सूचना असल्या की तिला बरं वाटेल," हे म्हणाले. "त्यांच्याकडे सगळं लेखी असतं."

त्या चिठ्ठ्या बघून माझं डोकं फिरलं. घर कुठे कुठे मोडलंय याची यादीच तिच्या हातात देत होता हा माणूस. पण ह्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी मनात ठरवलं आणि गप्प बसले.

शनिवारी सकाळी हे काठी टेकत लेकीला आणायला बसस्टँडवर गेले. ह्यांनी कोपरा वळताच मी सुताराला फोन केला. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. दीड तासात त्याने बाहेरच्या दाराचे बिजागर बदलले, फुगलेली कड रंध्याने तासली. बाथरूमच्या दाराला नवं कुलूप बसवलं, गोल चकचकीत मुठीचं, आतून बटण दाबलं की लागणारं. मी तोवर घरातल्या चिठ्ठ्या काढत फिरत होते. नळाची काढली, फ्रिजची काढली. बाथरूममध्ये त्याचं काम चाललं होतं म्हणून तिथे गेले नाही. सुतार माणूस अगदी सज्जन. दारावरची चिठ्ठी त्याने न फाडता काढून बाजूला ठेवली होती, आणि काम झाल्यावर होती तिथेच परत नीट चिकटवली. तो गेला, मी भुसा झाडला, आणि तेवढ्यात ह्यांची काठी जिन्यात वाजली.

ह्यांनी सवयीने कडी उचलली आणि दाराला खांदा लावला. दार आता लोण्यासारखं उघडलं. हे लेकीची बॅग घेऊन जे आत आले ते थेट खुर्चीत. खुर्ची होती म्हणून बरं. लेक दारातच थांबली, पर्समधून तपासणीचा फॉर्म काढला आणि चप्पल काढण्याआधी काहीतरी लिहिलं. ह्यांनी मागे वळून बिजागरांकडे पाहिलं, नव्या स्क्रूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं आधण ठेवायला आत पळाले.

"मी हातपाय धुऊन येते," लेक म्हणाली. फॉर्म, पर्स आणि एक्स-रेचं मोठं पाकीट टेबलावर ठेवून ती बाथरूममध्ये गेली. आतून बटण लागल्याचा आवाज आला. किती छान आवाज आहे, असं मला वाटलंसुद्धा.

आता दुसरा कुणी असता तर त्याने ती गोल मूठ फिरवली असती आणि बाहेर आला असता. पण ही पडली सुरक्षा अधिकारी. हिने आयुष्यात भिंतीवरची सूचना कधी मोडलेली नाही. हिने सूचना वाचली. मूठ वर उचलली, जोरात ओढली. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

"आई," ती आतून म्हणाली, "मूठ माझ्या हातात आली आहे."

मी बाहेरची मूठ फिरवून पाहिली. आतून बटण दाबलेलं, ती कशाला फिरते. सुताराला फोन केला तर तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन तासांत येतो म्हणाला. "सुतार?" हे म्हणाले. ती आत आणखी काहीतरी सांगत होती, ते नीट ऐकू यावं म्हणून मी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. बाथरूमचा दिवा गेला.

"आई, लाइट," लेक म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

तो आवाज मी ओळखला. लहानपणी शेजारच्यांच्या माळ्यावर ती एकदा तासभर अडकली होती. तेव्हापासून बंद जागेत तिचा श्वास अडकतो. कारखान्यात दोनशे माणसं हिला घाबरतात, पण लिफ्टमध्ये ही अजून आईचा हात धरते. हे सगळं माझ्या शहाणपणामुळे झालं होतं.

"पंखा लाव आधी," हे म्हणाले. मी लावला. हे काठी भिंतीला टेकवून दारापाशी जमिनीवर बसले, दुखरा पाय लांब करून.

"बाळा, तिथे बादल्या किती आहेत?"

"दोन."

"कोणत्या रंगाच्या?"

"बाबा, हे काय विचारताय."

"तू सांग तर. निळीचा कान तुटलाय ना? त्याला मी काय लावलंय?"

"तार," ती म्हणाली. "तारेवर पेनाची नळी चढवलीय. हाताला लागू नये म्हणून."

असं बोलत बोलत ह्यांनी दाराच्या फटीवरून बोट फिरवलं. मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "कुलपाची जीभ तिरकी आहे. पातळ, वाकणारं, पण न मोडणारं काहीतरी दे."

मी पोस्टकार्ड दिलं, ते दुमडलं. प्लास्टिकची पट्टी दिली, ती मोडली. ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "एवढी लाज वाटत होती का गं माझी?"

मला तोंड वर करवेना. "लाज नाही हो," मी म्हणाले. "ती आपल्याला घेऊन जाईल म्हणून भीती वाटली. तुम्ही तिथे नुसते बसून असता, ते मला बघवत नाही." बोलता बोलता रडूच आलं. ह्यांनी हात पुढे केला. मला वाटलं माझ्या खांद्यावर ठेवतायत, पण हे माझ्या मागच्या टेबलाकडे बोट दाखवत होते. "ते पाकीट दे."

पाकिटातून ह्यांनी आपल्याच घोट्याचा एक्स-रे काढला. तो दाराच्या फटीत घातला, वाकवून चौकटीच्या आत सरकवला आणि हळूहळू खाली आणत राहिले. तोंडाने चाललंच होतं, "साबण कुठे ठेवलाय? खाली झाकण कशाचं आहे? बरोबर, शाईच्या बाटलीचं." टक असा आवाज झाला आणि दार आत गेलं.

लेक बाहेर आली. कपाळावर घाम, हातात चकचकीत मूठ. बापाला जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि तीही तिथेच बसली. मग मी माझा गुन्हा कबूल केला, सुतारापासून चिठ्ठ्यांपर्यंत सगळा. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती घड्याळ बघत होती.

"कारखान्यात कुणी अडकलं तर बाहेर काढायला आमच्या पथकाला अकरा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "तुम्हाला सात लागली."

"पोस्टकार्डात दोन वाया गेली," हे म्हणाले.

चहा पिताना तिने फॉर्म भरला. मी चोरून पाहिलं, फुल्याच फुल्या होत्या. सगळ्यात खाली दोन ओळींची मोकळी जागा होती, तिथे पेन टेकवून ती बराच वेळ बसली आणि मग फॉर्म पर्समध्ये टाकला.

"स्टूल आजच्या आज बाहेर," ती म्हणाली.

"त्याचा फक्त एक पाय..." हे म्हणू लागले.

"बाबा."

स्टूल गेलं. दिव्याची वायरही संध्याकाळी वायरमन बोलावून तिने नीट करून घेतली. हे त्याच्या मागे मागे फिरून त्याला सूचना देत होते. आम्हाला नेण्याबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. रविवारी सकाळी ती निघाली. तिला बसमध्ये बसवून हे परत येईपर्यंत मी एकटीच घरात हात चोळत फिरत होते. होय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

मग मी बाथरूमकडे गेले तेव्हा दिसलं. दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला ह्यांचा एक्स-रे टांगला होता. त्याखाली एक चिठ्ठी, कारखान्यातल्या पाट्यांसारख्या ठसठशीत अक्षरात:

'आत कोणी अडकल्यास ही फिल्म फटीतून सरकवावी. तोपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहावे.'

खाली तारीख होती आणि लेकीची सही होती. पुढच्या तपासणीच्या जागी लिहिलं होतं, एक वर्षाने.