शेवटच्या रांगेतला आवाज

हिमानी वैरागडे इतिहासाची प्राध्यापक होती, आणि इतिहासातही तिचा विषय असा होता की पार्टीत कोणी विचारलं आणि तिने सांगितलं, की समोरचा माणूस हातातल्या प्लेटकडे बघायला लागायचा. परक्या जागी पोट भरायला आलेल्या माणसांवर त्या जागेची माणसं कशी आणि कधी उलटतात, याचा ती अभ्यास करत होती. नागपूरहून ओहायोत ती पीएचडीसाठी आली. बरोबर आलेल्या मुली कॉम्प्युटर शिकून नोकऱ्यांना लागल्या. हिमानी मात्र आडगावांतल्या लायब्रऱ्यांच्या तळघरांत जुनी वर्तमानपत्रं उलटत बसली. ती राहायची त्या ओहायोतल्याच डब्लिन गावच्या मराठी मंडळींत सगळे सॉफ्टवेअरमधले, नाहीतर बँकेतले. "हिस्टरी? म्हणजे शाळेत शिकवतेस का?" असं तिला अजूनही कोणी ना कोणी विचारायचं. तिचा नवरा परीक्षित एका विमा कंपनीत आयटीत होता. तो अशा वेळी म्हणायचा, "आमच्या घरी वर्तमानकाळ माझ्याकडे आहे, भूतकाळ तिच्याकडे."

तिचं पुस्तक नदीकाठच्या एका काचकारखान्याच्या गावावर होतं. शंभर वर्षांपूर्वी तिथे इटलीहून आलेल्या मजुरांची वस्ती होती आणि एका संध्याकाळी गावाने ती जाळली. त्या एका संध्याकाळपर्यंत गाव कसं पोचलं, हे शोधण्यात हिमानीची उमेदीची वर्षं गेली. विद्यार्थ्यांना ती सांगायची, सुरुवात अफवेने होते, आणि अफवा बहुतेक वेळा लहान मुलांबद्दल असते. मग दुकानदार नवख्यांशी बोलेनासे होतात. मग भली माणसं गप्प होतात. आणि भली माणसं गप्प झाली, की पुढचं फार लवकर होतं.

हे ती शांतपणे सांगू शकायची, कारण ते दुसऱ्यांच्या बाबतीत घडलेलं होतं.

मग तो ऑक्टोबर आला. डब्लिनपासून तासाभरावर वेदर्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कोंबड्यांच्या कारखान्यात काँगोहून आलेली पन्नासेक कुटुंबं कामाला लागली होती. एक दिवस गावात आवई उठली, की त्यांच्यापैकी कोणीतरी शाळेबाहेरून एका मुलाला गाडीत ओढायचा प्रयत्न केला. असं काही झालंच नाही, असा कुठला मुलगाच नाही, हे शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, सांगून झालं. पण ऐकतो कोण. तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकाने हिमानीला लेख मागितला. तिने लिहिलं, की अगदी हीच गोष्ट, याच भागात, शंभर वर्षांपूर्वी इटालियन मजुरांबद्दल सांगितली गेली होती. तेव्हाही कुठलाच मुलगा हरवलेला नव्हता.

लेख रविवारी आला. सोमवारी कोणीतरी तिचा फोटो आणि युनिव्हर्सिटीतला ईमेल इंटरनेटवर टाकला.

पहिल्या दिवशीचे ईमेल तिने अभ्यासकाच्या नजरेने वाचले. "परत जा" म्हणणारे, शिव्या देणारे, बायबल सांगणारे. परीक्षितला ती म्हणालीसुद्धा, "यातल्या निम्म्यांची भाषा थेट एकोणीसशे वीसमधली आहे. बघ ना, शब्दसुद्धा तेच."

"तुला हे इंटरेस्टिंग वाटतंय?" परीक्षितने विचारलं.

"थोडंसं," ती म्हणाली. आणि तेव्हा ते खरंही होतं.

दोन आठवड्यांनी, बुधवारी, ऑफिसच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. शिवी नाही, चढा सूर नाही. प्रत्येक वाक्याआधी घशातून एक बारीकशी घरघर, आणि मग अगदी सावकाश, शेजाऱ्याने हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलणं. "प्रोफेसर, तुमची मुलगी चेलो वाजवते. एवढ्याशा पोरीला केवढी ती पेटी. गुरुवारी सराव संपला की ती शाळेच्या बाजूच्या दारापाशी एकटी उभी असते. तुम्हाला यायला उशीर होतो. मुलांची काळजी घ्यावी माणसाने."

हिमानीने मेसेज पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मग खुर्चीवरची बॅग तशीच टाकून, गाडी काढून मुलीच्या, आन्याच्या, शाळेकडे निघाली. सिग्नलला थांबली तेव्हा लक्षात आलं, आज बुधवार. आन्या वर्गात असणार.

कॅम्पसवरची पोलीस अधिकारी तरुण होती, बोलायला मऊ होती. तिने मेसेज दोनदा ऐकला आणि म्हणाली, "मॅम, मला समजतंय तुम्हाला काय वाटत असेल. पण धमकी म्हणता येईल असं एकही वाक्य यात नाही." फोनही कुठल्यातरी ॲपवरून केलेला होता, नंबरावरून माणूस सापडत नव्हता. डीनने सहानुभूती दाखवली आणि काही दिवस जरा लो प्रोफाइल राहा, असं सुचवलं.

त्या आठवड्यात डब्लिनमधलं ते घर हिमानीला पहिल्यांदाच अनोळखी वाटलं. नागपूरच्या गल्लीत नुसतं ओरडलं तर वीस माणसं दारात आली असती. इथे हिरवळीपलीकडे बंद पडदे, आणि पडद्यामागे कोण आहे की नाही तेही कळत नाही. पार्सलची गाडी दारासमोर थांबली तरी ती दाराची कडी पुन्हा तपासायची. समोरच्या खिडकीपाशी बसून वाचायची तिची सवय. तिने खुर्ची आतल्या भिंतीला लावली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला पुढचं माहीत होतं. बाकीचे म्हणत होते, लोक बोलतात आणि विसरतात. जे विसरले नव्हते त्यांचाच ती वीस वर्षं अभ्यास करत होती.

आन्या पंधरा वर्षांची. तिच्यापासून लपवणार किती? "मॉम, आर वी सेफ?" तिने जेवताना विचारलं.

"हो गं. फक्त थोडे दिवस बाबा तुला आणायला येतील."

"दॅट्स नॉट अ यस," आन्या म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

शुक्रवारी प्रीताचा फोन आला. प्रीता तिची इथली सगळ्यांत जुनी मैत्रीण, संजीव प्रीताचा नवरा. आन्या झाली तेव्हा महिनाभर डबे तिनेच पोचवले होते. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात हिमानीचं छोटंसं भाषण ठरलं होतं.

"हिमानी, राग मानू नकोस," प्रीता म्हणाली. "या वर्षी भाषणाचं राहू दे का? कमिटीचं म्हणणं पडलं. लोक फोटो काढतात, ऑनलाइन टाकतात... आमचं अजून एच-वन व्हिसावरच चाललंय यार. संजीवचं एक्स्टेन्शन लटकलंय. उगाच कोणाच्या नजरेत..."

"कळलं मला," हिमानी म्हणाली. "कॅन्सल कर."

फोन ठेवल्यावर ती रडली नाही. पण तिला वाटलं, आपण जे शिकवतो त्याच्या तिसऱ्या पायरीवर आता आपण स्वतः उभ्या आहोत.

पुढच्या शनिवारी वेदर्सबर्गच्या लायब्ररीत तिचं व्याख्यान होतं, लेखाच्या आधीपासून ठरलेलं. परीक्षितने एकच गोष्ट मागितली. "ते कॅन्सल कर. मी तुला आजवर कधी काही म्हणालो नाही. पण हे नको."

तिने लायब्रेरियनला फोन लावला. मार्शा नावाची साठीची बाई. "मला नाही वाटत मी येऊ शकेन," हिमानी म्हणाली.

"अर्थातच," मार्शा लगेच म्हणाली. "अगदी समजू शकते मी. खरं सांगू, हेच बरं. सगळ्यांसाठीच."

तिच्या आवाजात केवढी सुटका होती! मार्शा चांगली बाई होती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गावात अशाच चांगल्या बायका होत्या, आणि त्यांनीही संध्याकाळी पडदे ओढून घेतले होते. आत्तापर्यंत हिमानीला त्या म्हाताऱ्या आवाजाची भीती वाटत होती. आता त्याहून मोठी भीती या सुटकेची वाटली.

"मार्शा," ती म्हणाली, "थांबा. मी येतेय."

घरात वादळ झालं. परीक्षित ओरडला, मग म्हणाला, "ड्राइव्ह मी करणार." आन्याला घरी एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. हिमानीने बराच वेळ फोन हातात धरला आणि शेवटी प्रीतालाच लावला. आन्याला तिच्याकडे ठेवता येईल का, असं विचारलं.

"त्यात विचारायचं काय?" प्रीता म्हणाली. "दुपारीच आणून सोड. आणि हिमानी... जपून गं."

शनिवारी लायब्ररीत चाळीसेक माणसं होती. पुढे काही शिक्षक, चर्चमधल्या बायका, काँगोच्या एका कुटुंबातली तिघं, कोट अंगावरून न काढता बसलेली. मागे भिंतीला टेकून तीन-चार तरुण, फोन वर धरून. दाराशी शेरीफचा एक माणूस. परीक्षित पहिल्या रांगेत बसला, पण तिच्याकडे पाठ आणि खोलीकडे तोंड करून. खुर्ची त्याने चक्क उलटी फिरवून घेतली होती.

हिमानी बोलली. सुरुवातीला कागद पालटताना खाली पडले. मग विषयाने तिला सावरलं. काचकारखान्याचं गाव, ती अफवा, ती वस्ती. तिने कोणालाही दोष दिला नाही, जे झालं ते सांगितलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका तरुणाने आरडाओरडा करायला सुरुवात केली, शेरीफच्या माणसाने त्याला बाहेर नेलं. ती तयार होती, त्याला ती घाबरली नाही.

मग शेवटच्या रांगेत एक म्हातारा उठला. इस्त्री केलेला चौकटींचा शर्ट, काढून हातात धरलेली टोपी. घशातून बारीकशी घरघर झाली आणि त्याने सावकाश विचारलं, "प्रोफेसर, तुम्हाला मुलं किती?"

तोच आवाज.

हिमानीने टेबल धरलं. खोलीत हे फक्त तिला ठाऊक होतं. परीक्षितने तो मेसेज ऐकला होता, पण तिच्याइतक्या वेळा नाही. इतकी वर्षं ती जमावाबद्दल लिहीत आली होती. मशाली, दगड, ओरडणारे चेहरे. आणि हा एक स्वच्छ दाढी केलेला आजोबा, टोपी काढून, नम्रपणे विचारत होता.

एक, एवढंच म्हणून पुढे जाता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात बुधवारी तुम्ही माझ्या ऑफिसमध्ये फोन केला होता. माझी मुलगी चेलो वाजवते, गुरुवारी शाळेच्या बाजूच्या दाराशी एकटी उभी असते, हे तुम्हीच मला सांगितलंत."

परीक्षित उठून उभा राहिला. माना एकेक करून मागे वळल्या.

"वॉल्टर?" चर्चमधली एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, अविश्वास होता.

म्हाताऱ्याने टोपी दोन्ही हातांत पिळली. "काय बोलतेय ही मला माहीत नाही," तो म्हणाला. मग तो पुन्हा म्हणाला, "माझी नात इथल्या शाळेत जाते. मला झोप लागत नाही. हिला कळायला हवं होतं, कसं वाटतं ते. बस. एवढंच हवं होतं मला."

"कुठलाही मुलगा हरवला नाही, वॉल्टर," ती बाई म्हणाली. "कितीदा सांगायचं तुला?"

तो खाली बसला. शेरीफचा माणूस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. काँगोचं कुटुंब उठलं आणि बाजूच्या दाराने हळूच निघून गेलं. त्यांना हे भांडण कुठे जाईल याचा भरवसा नव्हता, आणि हिमानी त्यांना दोष देऊ शकली नाही.

परतताना परीक्षितला पेट्रोल पंपावर गाडी थांबवावी लागली. हिमानीला इतकी थंडी भरली होती की दात वाजत होते. त्याने कॉफी आणली, तिला कप धरता येईना, तर त्यानेच तो तिच्या तोंडाशी धरला. "वेडी आहेस," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, प्रीताकडे पोचलो की आन्या गळ्यात पडेल. आन्या दारातच उभी होती, हातात फोन. मागच्या तरुणांपैकी कोणीतरी सगळं लाइव्ह दाखवलं होतं.

"तू सगळ्यांना सांगितलंस," आन्या म्हणाली. ती सहसा मराठीत बोलायची नाही, आज बोलली. "एकाला माहीत होतं. आता सगळ्यांना माहीत आहे. एव्हरीवन, मॉम. शाळा, दार, डे, एव्हरीथिंग."

तो विचार हिमानीच्या मनात आलाच नव्हता, हेच खरं होतं. प्रीताने आन्याला आत नेलं, मग बाहेर येऊन हिमानीला घट्ट मिठी मारली आणि तिथेच उभी राहिली.

पुढे चौकशी झाली. वॉल्टर निवृत्त पोस्टमन होता, वसंतात त्याची बायको गेली होती. शाळेच्या वेबसाइटवरच्या ऑर्केस्ट्राच्या फोटोवरून त्याला आन्या सापडली होती. लेख आल्यावर तो दोन गुरुवार तासभर गाडी चालवून डब्लिनला आला होता आणि आन्याच्या शाळेसमोर गाडीत बसून राहिला होता. त्याने काय करायचं ठरवलं होतं, हे त्यालाही सांगता आलं नाही. हे सगळं डिटेक्टिव्हने सांगितलं. कोर्टाने त्याला त्यांच्यापासून लांब राहायला बजावलं. आन्याने ऑर्केस्ट्राचा दिवस बदलून घेतला आणि आठवडाभर आईशी कामापुरतंच बोलली. वेदर्सबर्गमध्ये काही जळलं नाही. पण थंडी सुरू होईपर्यंत काँगोची दहा-बारा कुटुंबं सामान भरून निघून गेली होती. उरलेल्यांसाठी मार्शाने लायब्ररीत शनिवारचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला. पहिल्या शनिवारी चौघं आली.

डिसेंबरात आणखी एका गावाच्या लायब्ररीतून ईमेल आला. त्यांच्याकडेही नवी माणसं आली होती, आणि त्यांच्याकडेही काहीबाही बोललं जात होतं. याल का?

हिमानीने तो परीक्षितला दाखवला. त्याने वाचला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "कुठला शनिवार?" मग ती आन्याच्या खोलीत गेली. या वेळी तिने आधी विचारलं. "नो नेम्स," आन्या म्हणाली. "माझ्याबद्दल काहीही नाही."

"काहीही नाही," हिमानी म्हणाली.

येते, असं तिने लिहून पाठवलं. दहा मिनिटांनी तिने आणखी एक ईमेल लिहिला: पोस्टरवर कृपया माझा फोटो छापू नका.