पाच लिटरचा पांढरा कॅन

"मुलुंडवाले, उठा! सासुरवास संपला!" मॅनेजर नंदूने दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि बाळा तावडेने चेकनाका ओलांडून गाडी डाव्या अंगाला घेतली.

अडतीस दिवस ही बस म्हणजे चाळीस माणसांचं घर होतं. टपावर वळकट्या आणि पातेली, मागच्या डिकीत स्टोव्ह, खिडक्यांच्या गजांना वाळत घातलेली लुगडी. आता ते घर स्टॉपा-स्टॉपाला सुटत चाललं होतं. खाली हार घेऊन उभ्या असलेल्या लेकीसुना यात्रेकरूंच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. कोणीतरी गाडीच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा खिडकीतून बाळाच्या हातावर ठेवला.

"काशी घडवलीत तावडे, पुण्य लागेल तुम्हाला."

बाळाने तुकडा डॅशबोर्डवर ठेवला. खाल्ला नाही. त्याच्या सीटखाली, टाचेला लागून, पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन होता. काल दुपारपासून ती टाच त्याने अवघडून बाजूला धरली होती.

कॅन द्रौपदीबाई घाडीगावकरांचा होता. यात्रेच्या दोन सीटा त्यांनी दिवाळीतच धरल्या होत्या, एक स्वतःची, एक नवऱ्याची. फेब्रुवारीत काशीराम घाडीगावकरांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली. मिलमध्ये तीस वर्षं साचे चालवलेला माणूस खाटेवरून हट्टाने म्हणाला, तू जा, माझ्यासाठी पाणी घेऊन ये. त्या आल्या, आणि अडतीस दिवस त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहिली. काशीला सगळ्यांनी डाक लावून बंद केलेले तांब्याचे गडू घेतले. द्रौपदीबाईंनी घेतले नाहीत.

"बंद गडवात काय भरलेला आसा, कोणी बघलेला?" असं म्हणून त्या होडीत बसल्या, प्रवाहाच्या मध्यावर गेल्या आणि स्वतःच्या हाताने कॅन बुडवला. परतीच्या वाटेवर रिकाम्या सीटवर ऊन येऊ लागलं, तेव्हा त्यांनी कॅन बाळाच्या हाती दिला होता. "झिला, तुझ्या पायाकडे ठेव. हय उनान तापता. आचाऱ्याच्या हाताक लागूक देव नको."

बाळानेच शब्द दिला होता, काकू, काळजी करू नका.

काल दुपारी चांदवडच्या अलीकडे, राहूड घाटाच्या चढावर, रेडिएटरच्या पाइपाची क्लिप सैल झाली आणि गाडी उकळली. क्लिप आवळली, पण पाण्याचं पिंप कोरडं होतं. आचाऱ्याने सकाळी त्यातल्या पाण्याने भांडी धुतली होती. माणसं बाभळीच्या सावलीत पुऱ्या खात बसली होती. नंदू घड्याळ दाखवून बोंबलत होता, "दोन दिवस लेट आहोत यार, लोक माझी वाट लावतील!" तीन किलोमीटरवर वस्ती होती. सायकलवाला थांबवता आला असता, पायी जाता आलं असतं. तासाभराचा प्रश्न होता. बाळाने कॅन उचलला, बॉनेटच्या आडोशाला गेला आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. पुढे वस्तीजवळ एका शेतात मोटर चालू होती. तिथे हात धुण्याच्या निमित्ताने त्याने कॅन भरून घेतला. कोणी पाहिलं नाही. बूच घट्ट लावताना त्याला वाटलं होतं, पाण्याला काय तोंड असतं?

तोंड नव्हतं, पण रात्रभर नाशिकच्या धर्मशाळेत ते त्याच्याशी बोलत राहिलं.

उपाय अवघड नव्हता. गाडीत चाळीसेक बंद गडू होते. एखादा मागून घ्यायचा आणि कॅनमध्ये ओतायचा. पण मागायचा म्हणजे कारण सांगायचं. मुलुंडला बारा गडू उतरले. बाळा समोरच्या काचेतून बघत राहिला. घाटकोपरला चौदा उतरले. एका म्हाताऱ्याची पिशवी त्याने स्वतः खाली उतरवून दिली. आत तांबं तांब्यावर वाजलं. तो परत स्टिअरिंगवर जाऊन बसला.

अंधेरीला वनमालाबाई उतरल्या. त्यांच्या एकटीचे अकरा गडू होते.

"बाई," बाळा खाली उतरून म्हणाला, "यातला एक मिळेल का? आईसाठी हवा होता."

"अहो तावडे, नऊ वेळा काशीला गेलात म्हणून सांगता, आणि आईसाठी एक गडू आणवला नाही तुमच्याच्यानं?" आजूबाजूचे हसले. "माझे मोजून आहेत हो. चुलत नणंदेला आत्ताच कमी पडतोय."

"असू दे," बाळा म्हणाला.

त्याची आई चार वर्षांपूर्वी कणकवलीला वारली होती. तोंडात घालायला घरात गंगा नव्हती. शेजारणीने तुळशीचं पान नळाच्या पाण्यात बुडवून दिलं होतं. आईसाठी गडू मागायची आठवण त्याला आज झाली, तीही खोटं बोलण्यापुरती.

बोरीवलीला द्रौपदीबाई एकट्याच उरल्या. हायवेवरून जाताना त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"तुका बरा नाय काय रे? सकाळपासून गप आसस."

"झोप नाही झाली, काकू."

"माका सोडून मग घराकडे जा. बायकोक सांग, अंगाक तेल लाव म्हणून."

डोंगराच्या बाजूच्या चाळीपाशी गाडी थांबली. मुलगा रतन धावत आला. त्याचा चेहरा बघून द्रौपदीबाईंनी वर खोलीच्या दाराकडे बघितलं.

"आहेत," रतन म्हणाला. "चार दिवस अन्न नाही. तुझीच वाट बघतायत."

बाळाने वळकटी खांद्यावर घेतली आणि कॅन हातात. दारात सुनेने सासूच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, कुंकू लावलं, डोकं टेकलं. शेजारीपाजारी गॅलरीत जमले होते, प्रत्येकाच्या हातात वाटी नाहीतर पेला. यात्रेहून आलेल्या माणसाच्या हातचं तीर्थ घ्यायला. आत खाटेवर काशीराम उशीला टेकून बसवले होते. त्यांचा उजवा हात पांघरुणावरून पुढे आला.

"काकू," बाळा म्हणाला, "जरा बाहेर या."

जिन्याच्या कोपऱ्यात त्याने सांगितलं. वळणं न घेता सांगितलं. घाट, पिंप, मोटर.

द्रौपदीबाई कॅनकडे बघत होत्या.

"सगळा?"

"सगळंच, काकू. मी आत्ता जातो, कोणाकडून तरी गडू आणतो. अंधेरीला त्या बाई आहेत, त्यांच्या पाया पडतो."

आतून रतनचा आवाज आला, "आई, बाबा हाक मारतायत गं."

"माका सांगितलंस कशाक रे?" त्या हळूच म्हणाल्या. "गप रवाक व्हया होतंस तू. मी खुशाल दिला असता. आता माका ठावक झाला."

बाळाला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचं उतरेल. उतरलं होतंही. ते कुठे जाऊन बसलं, हे त्याला समोर दिसत होतं.

त्यांनी कॅन त्याच्या हातातून घेतला आणि आत गेल्या. सुनेने चांदीचा चमचा पुढे केला. बूच काढताना त्यांचा हात क्षणभर थांबला. चमचा भरून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाशी नेला.

"गंगा?" काशीरामांचा शब्द अर्ध्या ओठातून आला.

"घेवा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "गोड आसा."

काशीरामांनी घोट घेतला. गळा हलला. त्यांनी डोळे मिटले. बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. मग द्रौपदीबाई दाराकडे वळल्या आणि वाट्यांमध्ये एकेक चमचा घालत निघाल्या. कोणी "गंगामाई" म्हणालं, कोणी हात जोडले. त्या पुढची वाटी भरत गेल्या. सगळ्यात शेवटी बाळा उभा होता. त्या त्याच्यासमोर थांबल्या.

"हात कर पुढे."

त्याने ओंजळ केली. पाणी कोमट होतं, त्याला किंचित प्लास्टिकचा वास होता. तो प्यायला आणि रिवाजाप्रमाणे ओला हात डोक्यावरून फिरवला. वर बघेपर्यंत त्या आत गेल्या होत्या.

खाली नंदू यादीवर शेवटची रेघ मारून बिडी ओढत होता.

"झालं ना? चल बाबा, गाडी जागेवर लावू. झकास झाली ट्रिप, नाय?"

बाळा गाडीच्या पुढच्या अंगाला वळला. गाडीच्या नाकाखाली, रेडिएटरच्या क्लिपमधून, काल ओतलेलं पाणी अजून पाझरत होतं. थेंब पडायचा, थांबायचा, परत पडायचा. खालच्या मातीत ताटलीएवढी ओल झाली होती. केबिनकडे जायची वाट तिच्यावरूनच होती.

तो उभा राहिला. मग त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ओल्या जागेला वळसा घालून वर चढला.

"अनवाणी काय रे?" नंदू म्हणाला. "देवळात चाललायस काय?"

बाळाने चपला शेजारी ठेवल्या, गाडी चालू केली आणि ओल चाकाखाली येऊ नये म्हणून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापून ती हळूहळू बाहेर काढली.