एकच ‘तू’

पाच गाण्यांत मिळून एकच ‘तू’ होता, आणि नेमका तोच मायलिसच्या तोंडून निघत नव्हता.

गाण्यातली बाई सोडून गेलेल्या माणसाशी सगळं अदबीनं बोलते. तुम्ही गेलात, तुम्ही विसरलात. पाचव्याच्या शेवटी अख्खा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ती एकटी म्हणते, ‘तू’. तालमीत मायलिस तिथं दर वेळी ‘तुम्ही’ गायची. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द एकेका सुरात बसतात, तेवढ्यानंच घात व्हायचा. समोर बॅटन घेऊन ऑर्केस्ट्रा चालवायला थिबो उभा असायचा, तिचा पूर्वीचा नवरा. घटस्फोटापासून दोघं एकमेकांना काटेकोरपणे ‘तुम्ही’ म्हणत.

“कुत्र्याला ‘तू’ म्हणतेस ना? मग?” गाणी रचणाऱ्या म्हाताऱ्या मादाम केरगल कडाडल्या. “आज चुकलीस तर पाचवं गाणं काढून टाकीन. उद्यापासून चारच!”

पन्नाशीतल्या गळ्यासाठी आता कोण लिहितं? ही गाणी खास मायलिससाठी होती आणि त्यांचा सगळा जीव पाचव्यात होता.

त्याच रविवारी दुपारी पहिल्या कार्यक्रमाला नांत शहरातलं सभागृह गच्च भरलं. रंगमंचावर जाताना क्लॅरिनेटवाल्यानं रिवाजाप्रमाणे तिला शुभेच्छेची शिवी हासडली. त्यावर आभार मानणं म्हणजे अपशकुन, तरी ती बोलून गेली, “आभारी आहे.”

“मेलो!” क्लॅरिनेटवाला पुटपुटला.

चार गाणी निभावली. पाचवं आलं. वाद्यं थांबली. मायलिसनं श्वास घेतला आणि गायली, ‘तुम्ही’.

संपलं, असं वाटलं तिला. आता हार्प सुरू व्हायची होती. पण थिबोनं बॅटन खाली आणलंच नाही. हार्पवालीची बोटं तारांवर तशीच राहिली. तिसऱ्या रांगेत मादामनी तोंडावर हात धरला. कोणी खोकेनासुद्धा.

थिबो तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. पूर्वी ती घरभर किल्ल्या शोधायची तेव्हा दारात तो असाच उभा राहायचा, न कुरकुरता. आणि तिच्या तोंडून शब्द निघाला. हळू, थोडा चिरका. ‘तू’.

बॅटन खाली आलं.

टाळ्या थांबेनात. आत येताच मादामनी तिला कवटाळलं. “भवाने! आधी ‘तुम्ही’, मग ‘तू’! आता छापणारसुद्धा तसंच!” गाणं वाचलं होतं.

थिबो घाम पुसत आला. ती वळली. ‘तू’ अजून तिच्या ओठांवरच होता, आता तो बाहेर पडायला काहीच अडचण नव्हती.

“सुंदर गायलात,” तो म्हणाला. “ती शांतता फार चांगली जमली. उद्याही तेवढंच थांबेन मी. चालेल ना तुम्हाला?”

तिला फार लागलं ते. तरी ती हसली.

“चालेल,” ती म्हणाली. “थांबा.”