खाऱ्या पाण्याला मी वाट दिली

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी हा शब्द ऐकलाही नसेल. समुद्राकाठच्या सखल शेतांत भरतीचं पाणी शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालतात. त्या बांधातलं लाकडी दार म्हणजे मी. ओहोटी लागली की मला वर उचलायचं, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं जास्तीचं पाणी समुद्राकडे निघून जातं. भरती आली की मला खाली सोडायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. नाव उघाडी, पण खरी कसोटी मिटून राहण्यात. माणसांच्या तरी नावाचा आणि स्वभावाचा मेळ कुठे असतो?

मला घडवलं ते बोटी बांधणाऱ्या एका सुताराने. दार बनवायला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, "बोट पाण्यावर चालते, ही पाण्यात उभी राहणार. हिचं लाकूड हट्टीच पाहिजे." त्याने ओंडक्यांवर हातोडी ठोकून, कान लावून लाकूड निवडलं. माझ्या फळ्यांच्या फटींत काथ्या ठासला आणि वरून डांबर पाजलं. मग दोन दगडी खांबांच्या खाचांत मला उभं केलं आणि माथ्यावर एक लोखंडी चाक बसवलं. चाक एका बाजूला फिरवलं की मी वर, दुसऱ्या बाजूला फिरवलं की खाली.

हे चाक फिरवणाऱ्याला सगळे पाणीमामा म्हणत. त्याचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलासुद्धा जरा थांबावं लागे. मामा स्वभावाने मऊ होता. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे. माझ्याशी मात्र तो मोकळेपणाने बोले. चाक कुरकुरलं की म्हणायचा, "काय गं, आज तुझेही गुडघे धरले का?" आणि तेल घालायचा.

माझ्या अगदी पाठीला लागून जे शेत होतं ते मामाच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे आक्का म्हणत. तिचं शेत सगळ्यांत खोलगट, समुद्राला सगळ्यांत जवळचं. त्याच्यामागे एक जुना, बुटका, आतला बांध होता आणि त्या बांधापलीकडे इतरांची शेतं. आक्का भावाच्या अगदी उलट. ती बोलू लागली की बगळेसुद्धा उडून दुसऱ्या शेतात जाऊन बसत. नवरा गेल्यावर तिने आणि तिच्या सुनेने ते शेत कसलं. मुलगा दूर बोटीवर नोकरीला होता.

ते माझे सुखाचे दिवस होते. बांधामागचा भात म्हणजे सगळ्या वस्तीचं वर्षभराचं पोट. कापणी संपली की घरी जाताना बायका माझ्या फळीवर ओल्या हाताने थोपटत आणि म्हणत, "शाबास गं बाई, राखलंस." मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, अगं, मी नुसती उभी होते. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प राहून ते मुरवून घेत असे.

मग हळूहळू समुद्राचं वागणं बदललं. एका दिवसात नाही. भरतीच्या पाण्याची माझ्या अंगावर एक पांढरट रेघ उमटत असे. ती रेघ वर चढू लागली. आधी मामाच्या कमरेपाशी होती, मग छातीपाशी आली. मामा ती बोटाने खरवडायचा आणि बोट चाखून थुंकायचा. पाऊसही भरवशाचा राहिला नाही. यायचा तेव्हा यायचा नाही, आणि आला की पाहुणा कसला, दरोडेखोरच. गोडं पाणी कमी पडलं की जमिनीखालून खारं पाणी वर येई. आक्काच्या शेतात रोपांची टोकं पिवळी पडू लागली. उन्हात मातीवर पांढरा पापुद्रा धरू लागला. एकदा तिने एक ढेकूळ उचलून भावाला दाखवलं.

"हे बघ धाकट्या. आता भातात मीठ घालायला नको. शेतातूनच खारट होऊन येईल."

मामा हसला नाही. तीही हसली नाही.

पूर्वी पीक कमी आलं तर लांबचा तांदूळ दुकानात येई. पण पुढे असं एक वर्ष आलं की लांबच्या मुलखातही पाऊस रुसला आणि तिकडची शेतं करपली. एकाच वेळी दोन्हीकडची कणगी रिकामी. दुकानदार सकाळी दार अर्धंच उघडायचा. तो वाईट माणूस नव्हता. "वहिनी, आज एवढाच. सगळ्यांना पुरवायचाय," असं म्हणताना तो समोर बघत नसे. माझ्या माथ्यावरच्या फळीवर बसून बायका बोलत, म्हणून घराघरातलं मला कळे. आक्काची सून एकदा मैत्रिणीला सांगत होती, "भातात पाणी वाढवते. पोरांना वाटतं, आई आधीच जेवली. सासूबाईंना मात्र फसवता येत नाही. त्या माझं ताट बघितल्याशिवाय घास उचलत नाहीत."

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पीक चांगलं धरलं. आक्काच्या शेतातसुद्धा लोंब्या वाकल्या. कापणीला थोडेच दिवस राहिले होते. सगळे जपून बोलत होते, उगाच आनंदाला दृष्ट नको. आणि पाऊस सुरू झाला. अवेळी, आडवा, थांबायचं नाव न घेणारा. पाठोपाठ मोठ्या भरतीचा दिवस आला, आणि वारा समुद्रावरून.

दुपार होती. भरती अजून पुरी चढली नव्हती, तरी लाटा माझ्या माथ्यापर्यंत येत होत्या. माझ्या उजव्या अंगाला बांधातून पाणी पाझरू लागलं. आधी घामासारखं, मग नळासारखं. माणसं फावडी घेऊन धावत आली. मातीची पोती टाकली, ती विरघळून गेली. जो तो ओरडत होता. कुणी म्हणे मला उघडा, कुणी म्हणे खबरदार, हात लावू नका.

मामा चाक धरून उभा होता. त्याला काय करायला हवं ते कळलं होतं, कारण त्याची नजर आक्काच्या शेतावरून हलत नव्हती. बांध एकदम फुटला असता तर पाण्याचा लोंढा आतला बुटका बांधही घेऊन गेला असता आणि सगळी शेतं खारी झाली असती. मातीत मुरलेलं मीठ एका पावसात जात नाही, वर्षं लागतात. एकच उपाय होता. आतला बांध घाईने उंच करायचा, मला थोडी थोडी उघडून खारं पाणी आक्काच्या शेतात हळूहळू घ्यायचं, आणि तिथेच त्याचा जोर मोडायचा. म्हणजे पिकलेल्या भातासकट बहिणीचं शेत समुद्राला द्यायचं.

आक्का चिखलातून त्याच्यापाशी आली.

"बोल की रे. माझ्या शेतात सोडायचं ना पाणी?"

"आक्का, मी... दुसरं काही सुचलं असतं तर..."

"सुचलं नाही ना? मग जीभ चावत उभा राहू नकोस." ती गर्रकन लोकांकडे वळली. वाऱ्यातही तिचा आवाज शेवटपर्यंत पोचला. "ऐका सगळे! माझं शेत घ्या. पण फुकट नाही. माझं बुडतंय म्हणून तुमचं वाचतंय. तेव्हा आजपासून माझ्या घरची चूल पेटती ठेवणं तुमचं काम. उपकार म्हणून नको, वाटा म्हणून द्या. कबूल?"

मग दुकानदार, जो आयुष्यात कधी चिखलात उतरला नव्हता, तो चपला काढून पुढे आला. "कबूल आक्का. आधी विळा दे. भरती चढेपर्यंत जेवढं कापता येईल तेवढं कापू."

मित्रांनो, ती कापणी मी कधीच विसरणार नाही. निम्मी माणसं आतल्या बांधावर माती चढवत होती आणि निम्मी गुडघाभर पाण्यात आक्काचा भात कापत होती. लोंब्या डोक्यावर धरून बायका पळत होत्या. सून कापत होती, पण डोळ्यांत पाणी की पाऊस, ते कळत नव्हतं. आक्का मात्र कापायला गेलीच नाही. ती भावाशेजारी उभी राहिली. शेवटी मामाने विचारलं, "उघडू?" तिने त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं.

मी वर सरकले. सगळं आयुष्य ज्या पाण्याला छाती लावून अडवलं, ते माझ्या पायाखालून आत शिरलं. उरलेला भात आधी हलला, मग झुकला, मग दिसेनासा झाला. त्या दिवशी मला वाटलं, दार म्हणून माझा जन्म फुकट गेला.

आतला बांध टिकला. बाकीची शेतं वाचली. पण गोष्ट इथे संपत नाही.

पहिले काही महिने लोकांनी वाटा पोचवला. आपणहून, हसतमुखाने. मग हळूहळू हात आखडले. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं धान्य उंदरांनी खाल्लं. माणसं वाईट नव्हती. भूक पाहिलेली माणसं होती, म्हणून मूठ झाकू लागली. मामाही गप्प बसला. नाही म्हणता येत नसे, तसं मागताही येत नसे त्याला. आक्काने त्याच्याशी बोलणं टाकलं.

एक दिवस ती रिकामं पातेलं घेऊन आली आणि वाटेवर, आतल्या बांधाच्या मधोमध, ते पालथं घालून त्यावर बसली. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागे. ती कुणाला काही बोलली नाही. बगळेसुद्धा त्या दिवशी उडाले नाहीत. संध्याकाळी मामा आला आणि तिच्याशेजारी मातीत बसला. मग, आयुष्यात पहिल्यांदा, तो मोठ्याने बोलला. "चाक मी फिरवलं होतं. शब्द तुम्ही सगळ्यांनी दिला होता. आज हिचं शेत गेलं. समुद्र काय इथेच थांबणार आहे? उद्या ह्या बांधामागचं शेत जाईल. तेव्हा त्याच्या धन्याने कुणाच्या दारात पातेलं घेऊन बसायचं?"

त्या बोलण्याने लोक हलले. कापणी झाली की प्रत्येकाने आधी सामाईक कोठीत धान्य टाकायचं आणि मग घरी न्यायचं, असं ठरलं. ज्याचं शेत बुडेल त्याचा त्या कोठीवर हक्क. भांडणं होतात, अजूनही होतात. पण कोठी रिकामी राहिल्याचं मी ऐकलं नाही.

आता आतला बांधच खरा बांध झाला आहे. तिथे नवं लोखंडी दार बसवलं. मी जुन्या बांधात वर उचललेलीच राहिले. माझं चाक गंजून घट्ट झालं, अंगावर कालवं चिकटली. कित्येक दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. कामातून गेलेल्याची हीच तऱ्हा. पण आक्काच्या बुडलेल्या शेतात खारफुटीची रोपं आपोआप रुजली, त्यांच्या मुळांत मासे आणि खेकडे येऊ लागले. सुनेने तिथे जाळं लावायला सुरुवात केली. भात देणारं शेत मासे देऊ लागलं. भाताची भरपाई माशाने होत नाही, हे आक्का रोज ऐकवते. पण कोठीत आता तीही सुक्या माशांचा वाटा टाकते.

परवा ओहोटीच्या वेळी आक्का ताट घेऊन मामाकडे आली. तो नव्या दारावरची पांढरी रेघ बघत होता. ती तिथेही चढू लागली आहे.

"जेव आधी," ती म्हणाली.

"आक्का, तू अजून रागावलेली आहेस का?"

"आहे. म्हणून काय उपाशी ठेवू तुला?"

तो जेवू लागला. ती त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवून बसली.

मित्रांनो, पाणी वर चढतंय, आणि ते का चढतंय हे मोठ्या माणसांना विचारत राहा. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या दाराने समुद्र कायमचा थोपत नाही. पण तुमच्या ताटात गरम भात आला की एवढं जरूर करा. तो कुणाच्या शेतातून आला, आणि त्या शेताच्या पुढे, पाण्याच्या अगदी काठाला, कुणाचं शेत आहे, ते विचारा. त्याच्या घरी चूल पेटली का, तेही विचारा. आणि पेटली नसेल, तर त्याला मागायची वेळ येऊ देऊ नका.